जहाजाच्या यादीत नाव आहे, गाव नाही

माझ्या विहीणबाईंनी जेवणाच्या टेबलावरची ताटं बाजूला सारली, जुनं बायबल समोर ठेवलं आणि त्यातून घडी घातलेला एक कागद अलगद बाहेर काढला. पेनसिल्व्हेनियात, बर्क्स काउंटीत त्यांचं घर आहे. कागद घड्यांवर जुन्या धोतरासारखा विरला होता. मधोमध मोठं हृदय, दोन्ही बाजूंना ट्यूलिपची फुलं, वर समोरासमोर बसलेले दोन पिवळे पक्षी, सगळं हाताने रंगवलेलं. हृदयाच्या आत टोकदार जर्मन अक्षरांत दाट मजकूर. “आमच्याकडचा हा सगळ्यात जुना कागद,” त्या म्हणाल्या. “पण यात काय लिहिलंय ते माझ्या आजीलाही वाचता येत नव्हतं.”

नातवाला शाळेसाठी दोन्हीकडची वंशावळ काढायची होती. आमची बाजू त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत मिळाली. खापरपणजोबांपर्यंतची नावं तिथे लिहिलेली होती. सूनबाईंची बाजू मात्र या एका कागदापाशी येऊन अडली होती. शाळेचं काम केव्हाच संपलं, पण मी त्या कागदात गुंतले ती गुंतलेच. दोन वर्षं त्याच्या मागे होते. अमेरिकेत आपली कितीतरी मुलं अशा घरांशी सोयरीक जोडून आहेत, आणि “आम्ही मूळचे जर्मन, पण कुठले ते माहीत नाही” हे त्या घरांतून हमखास ऐकू येतं. म्हणून हे काम कसं चालतं ते नीट सांगते. घराणं खाजगी आहे, तेव्हा नावं बदलली आहेत. मूळ पुरुषाला योहानेस म्युलर म्हणू, बायकोला काथारिना. आजची पिढी मिलर लावते.

आधी तो कागद. त्याला टाउफशाइन म्हणतात, म्हणजे बाप्तिस्म्याचा दाखला. चर्च तो देत नसे. गावोगाव फिरणारे शाळामास्तर आणि चितारी घरच्यांच्या सांगण्यावरून तो लिहून, रंगवून देत, कधी मूल जन्मल्यावर लगेच, कधी दहा-वीस वर्षांनी. मजकूर ठरलेला: या दोन पतिपत्नींना, म्हणजे अमुक आणि त्याची विवाहित पत्नी तमुक, माहेरची अमकी, यांना प्रभूच्या अमुक साली, अमुक राशीवर मुलगा झाला, अमुक पाद्र्याने बाप्तिस्मा दिला, साक्षीला अमुक आणि त्याची बायको होती. शेवटी टाउनशिप आणि काउंटी, आपल्याकडचे तालुका आणि जिल्हा म्हणा. ‘काउंटी’ हा इंग्रजी शब्दसुद्धा जर्मन कानाला ऐकू येईल तसा लिहिलेला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या सैनिकांनी, त्यांच्या विधवांनी पुढे पेन्शन मागताना वय किंवा लग्न सिद्ध करायला असे कागद अर्जाला जोडून दिले, आणि ते आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पेन्शनच्या फायलींमध्ये पडून आहेत. तुमच्या घरी कागद नसेल तर तिथे असू शकतो, हे लक्षात ठेवा.

या कागदाचं सगळ्यात मोठं देणं म्हणजे आईचं माहेर. त्या काळच्या इंग्रजी कागदांत बाई दिसते ती अमक्याची बायको म्हणून, तिचं माहेरचं आडनाव जवळजवळ कुठेच येत नाही. आमच्या कागदाची घडी नेमकी तिच्या माहेरच्या आडनावावरूनच गेली होती. शाई उडून शेवटची दोनच अक्षरं राहिली होती, ‘इन’. आणि हा ‘इन’ तर जर्मनीत बाईच्या आडनावाला लागणारा शेपूट. म्युलरची बायको म्युलरिन, बाउअरची बाउअरिन. म्हणजे हाती काहीच लागलं नाही.

मूळ गाव त्यात नव्हतंच. ते बहुतेक टाउफशाइनांत नसतं. आणि गाव कळल्याशिवाय समुद्र ओलांडता येत नाही, कारण जर्मनीकडची जन्म-मरणाची नोंद गावच्या चर्चच्या दप्तरात असते. सगळा शोध असतो तो या एका शब्दाचा.

‘जर्मनी’ हा पत्ता नव्हे

अठराव्या शतकात जर्मनी नावाचा देश नव्हता. तो १८७१ मध्ये झाला. त्याआधी तिथे लहानमोठी तीनशेच्या आसपास संस्थानं होती, प्रत्येकाचा राजा किंवा बिशप वेगळा, कर वेगळा, धर्म वेगळा. अमेरिकेला गेलेले बहुतेक लोक ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातले आणि नैर्ऋत्येकडचे: फाल्त्स, व्युर्टेम्बर्ग, बाडेन, क्राइखगाउ, हेसन, नासाउ, शिवाय अल्सास आणि स्वित्झर्लंड. इंग्रज कारकुनांनी या सगळ्यांना एकच नाव दिलं, ‘पॅलॅटाइन’, म्हणजे फाल्त्सचे. त्यामुळे जुन्या कागदात पूर्वजाला पॅलॅटाइन म्हटलेलं दिसलं म्हणून फाल्त्समध्ये शोधायला जाऊ नका. तो बासेलजवळचा स्विसही निघेल.

दुसरा चकवा ‘डच’ या शब्दाचा. जर्मन लोक स्वतःला ‘डॉइच’ म्हणतात, आणि जुन्या इंग्रजीत ‘डच’ हा शब्द जर्मनांनाही लावत. त्यात जहाजं सुटत हॉलंडमधल्या रॉटरडॅमहून. ‘पेनसिल्व्हेनिया डच’ घराण्यांतली पुष्कळ माणसं आपण हॉलंडचे असं समजून भलत्याच देशात वर्षानुवर्षं शोधत बसली आहेत.

सुरुवात धरतात ती १६८३ पासून. त्या वर्षी ऱ्हाइनकाठच्या क्रेफेल्ट गावातली तेरा कुटुंबं ‘कॉन्कॉर्ड’ जहाजाने आली आणि फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियसच्या पुढाकाराने फिलाडेल्फियाजवळ जर्मनटाउन वसलं. मग १७०९. त्याआधीचा हिवाळा इतका भयंकर होता की द्राक्षांचे वेल मुळापासून मेले. त्या उन्हाळ्यात सुमारे तेरा हजार माणसं लंडनला येऊन थडकली आणि तंबूंत राहिली. त्यांतल्या तीन हजारांच्या आसपास लोकांना १७१० मध्ये न्यूयॉर्कला पाठवलं, हडसन नदीकाठी पाइनच्या झाडांपासून इंग्रज आरमारासाठी डांबर काढायला. डांबर काही निघालं नाही. माणसं शोहारीच्या खोऱ्यात सरकली, आणि त्यांतली काही १७२३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या टल्पहॉकनला आली. पुढे फिलाडेल्फिया हेच मुख्य बंदर झालं. सगळ्यात मोठी लाट १७४९ ते १७५४ या वर्षांतली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धापर्यंत सगळे मिळून लाखभर जर्मनभाषक तरी आले असतील.

का आले? १६८९ मध्ये फ्रेंच फौजांनी हायडेलबर्ग, मानहाइम, श्पायर जाळली होती, त्यानंतरही फौजा येतच राहिल्या. कर होते. आणि त्या भागात जमीन सगळ्या मुलांत वाटून जाई, त्यामुळे दोन-तीन पिढ्यांत शेताच्या पट्ट्या उरत. हे कारण आपल्या वाचकाला फोड करून सांगायला नको.

मागितलं होतं गाव, लिहिलं फक्त नाव

फिलाडेल्फियात इतके परके लोक उतरताना पाहून तिथल्या सरकारला काळजी वाटू लागली. १४ सप्टेंबर १७२७ रोजी प्रांताच्या कौन्सिलने ठराव केला: जहाजातून येणाऱ्या या लोकांची यादी करावी, प्रत्येकाचं नाव, त्याचा धंदा आणि तो कुठून आला ते ठिकाण लिहावं, आणि त्यांच्याकडून राजनिष्ठेची शपथ घ्यावी. त्याच महिन्यात पहिली यादी झाली.

मी हा ठराव वाचला तेव्हा अगदी हळहळले. गाव विचारलं होतं! पण कप्तानांनी नावं दिली, धंदा आणि गाव लिहायचा त्रास घेतला नाही, कारकुनांनीही आग्रह धरला नाही. त्या एका आळसामुळे आज हजारो घराणी अडून बसली आहेत.

एका जहाजाच्या तीनपर्यंत याद्या असतात. एक कप्तानाने दिलेली. दुसरी, राजनिष्ठेच्या शपथेखाली लोकांनी स्वतः केलेल्या सह्यांची. तिसरी आणखी एका शपथेची, त्यातही सह्याच. सोळा वर्षांवरच्या पुरुषांनाच शपथ होती. बायका-मुलं फक्त कप्तानाच्या काही याद्यांत दिसतात, आणि त्यातल्या बऱ्याच याद्या हरवल्या. उरलेलं सगळं स्ट्रासबर्गर आणि हिंके यांनी १९३४ मध्ये तीन खंडांत छापलं. त्यातला एक खंड निव्वळ सह्यांच्या हुबेहूब प्रतींचा आहे. लोक पहिला खंड उघडतात, सूचीत नाव बघतात आणि परततात. माझं सांगणं उलटं आहे: सह्यांच्या खंडापाशी बसा.

कारण पहा. ज्याला लिहिता येत होतं त्याने आपलं नाव जर्मन वळणात स्वतः लिहिलं. ते त्याचं खरं नाव. ज्याला येत नव्हतं त्याने एक फुली किंवा आद्याक्षर काढलं आणि कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत नाव लिहून टाकलं. आपल्या जुन्या कागदांत कुणब्याच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ असतं, तशीच ही निशाणी. मी पाहिलेल्या पानांवर ‘हान्स येरिक’ नावाचे कितीतरी पुरुष आहेत. येरिक असं नावच नाही. ऱ्हाइनकडच्या बोलीत गेओर्गचं येर्ग होतं, त्यातला ग घशात घासून निघतो, आणि इंग्रज कारकुनाला तो ‘येरिक’ ऐकू आला. हा हान्स येरिक गावच्या दप्तरात योहान गेओर्ग म्हणून सापडेल.

याद्यांत योहानेस म्युलर किती असतील? डझनांनी. त्यांतला आपला कोणता, हे यादी कधीच सांगत नाही. इंटरनेटवरच्या तयार वंशावळी इथेच फसतात. कुणीतरी साल जुळतंय म्हणून एक म्युलर उचलतो, दुसरा त्याच्यावरून उतरवतो, आणि पाच वर्षांत तीच चूक पन्नास ठिकाणी छापून आल्यामुळे खरी वाटू लागते.

फिलाडेल्फिया सोडून इतरत्र उतरलेल्यांच्या नशिबी एवढीही यादी नाही. व्हर्जिनियात १७१४ मध्ये जर्मॅना वसवणारे झीगनकडचे खाणकामगार, जॉर्जियात १७३४ मध्ये आलेले साल्झबर्गचे निर्वासित, चार्ल्सटन आणि बाल्टिमोरला उतरलेले लोक, यांचा माग दुसऱ्या कागदांवरून काढावा लागतो. आणि नॉर्थ कॅरोलायनात दिसणारा जर्मन तिथेच उतरला असेल असंही नाही. फिलाडेल्फियाहून लँकेस्टर, यॉर्क करत शेनान्डोआ खोऱ्यातून दक्षिणेला जाणारा गाडीरस्ता होता, त्यावरून पेनसिल्व्हेनियातली दुसरी पिढी खाली सरकत गेली.

प्रवासात कुटुंबं कशी फुटली

गॉटलिब मिटेलबर्गर नावाचा एक शाळामास्तर १७५० मध्ये हाइलब्रोनहून एक ऑर्गन घेऊन पेनसिल्व्हेनियाला गेला आणि चार वर्षांनी परतला. त्याने १७५६ मध्ये छापलेल्या वृत्तांतात ऱ्हाइनवरची जकात नाकी मोजली आहेत: हाइलब्रोनपासून हॉलंडपर्यंत ३६. प्रत्येक नाक्यावर थांबा, खर्च. मग रॉटरडॅमला मुक्काम, मग इंग्लंडच्या बंदरात थांबा, आणि पुढे समुद्रावर वारा चांगला असला तर सात आठवडे, नाहीतर बारासुद्धा. जवळचे पैसे वाटेतच संपत. मग भाडं उधार. फिलाडेल्फियात उतरल्यावर नातेवाइकाने ते भरलं तर ठीक, नाहीतर कुणीतरी भरायचं आणि त्याच्याकडे तीन ते सहा वर्षं राबायचं. लहान मुलं एकवीस वर्षांची होईपर्यंत बांधली जात. अर्ध्यापेक्षा जास्त प्रवास झाल्यावर नवरा मेला तर त्याचंही भाडं बायकोच्या डोक्यावर.

हे वाचताना पोटात कालवतं. वंशावळीच्या कामात याचा अर्थ असा की एकाच आईबापांची मुलं उतरल्या दिवसापासून तीन वेगळ्या काउंटींत, तीन मालकांकडे गेली. विधवेने महिन्याभरात दुसरं लग्न केलं. आणि बांधलेला माणूस करांच्या यादीत येत नाही, जमिनीच्या कागदात येत नाही. आमचा योहानेस १७५१ मध्ये उतरला असं पुढे ठरलं, पण पहिली पाच वर्षं त्याचं नाव कुठेही नाही. मी ती रिकामी जागा बघून आपण चुकीच्या माणसामागे आहोत असं समजत होते. ३ ऑक्टोबर १७७१ ते ५ ऑक्टोबर १७७३ या दोन वर्षांचं फिलाडेल्फियाच्या महापौरांच्या कचेरीतलं करारांचं रजिस्टर टिकून आहे, त्यात कोण कुणाकडे किती वर्षं आणि कशाच्या बदल्यात बांधला गेला ते सगळं आहे. आमचा माणूस त्याच्या वीस वर्षं आधीचा.

नावांचा गुंता

जर्मन घरात तीन भाऊ असतात: योहान गेओर्ग, योहान पेटर, योहान मिखाएल. ‘योहान’ हे बाप्तिस्म्याचं नुसतं उपपद. हाक मारायची ती दुसऱ्या नावाने, आणि पुढच्या कागदांत तेच येतं. पण ‘योहानेस’ मात्र पुरं, स्वतंत्र नाव. ते लावणारा माणूस कागदावर योहानेस, हान्स किंवा जॉन असाच दिसेल. हा फरक माहीत नसल्यामुळे लोक दोन भाऊ एक करून टाकतात. मूल दगावलं की पुढच्याला तेच नाव ठेवायची रीत होती, तेव्हा पहिली नोंद मिळाली म्हणून थांबू नये, त्याच दप्तरात त्याच्या दफनाची नोंद आहे का ते बघावं. घरगुती नावं वेगळीच: ख्रिस्टोफचा श्टोफेल, व्हालेंटिनचा फेल्टन, सेबास्टियानचा बास्टियान, निकोलाउसचा निकेल.

आडनावांचं पाणी आणखी गढूळ. बंदरावरच्या अधिकाऱ्याने नाव बदललं, ही घरोघरची गोष्ट खरी नाही. आडनाव बदललं ते हळूहळू, शेजारी, सावकार आणि कारकून ज्याने त्याने आपल्या कानाप्रमाणे लिहिल्यामुळे. ब आणि प, द आणि त, ग आणि क यांची अदलाबदल तर रोजची, कारण त्या बोलीत ते फारसे वेगळे उच्चारतच नाहीत. हूबरचं हूव्हर झालं, आयझेनहाउअरचं आयझेनहॉवर. नंतर अध्यक्ष झालेल्या आयझेनहॉवरांचा मूळ पुरुष १७४१ मध्ये झारलँडमधल्या कार्ल्सब्रुनहून फिलाडेल्फियाला आला होता. काहींनी चक्क भाषांतर केलं: त्सिमरमान म्हणजे सुतार, म्हणून कार्पेंटर. श्वार्ट्सचं ब्लॅक, क्योनिगचं किंग. तेव्हा ब्लॅक आडनावाचं घर इंग्रज असेलच असं नाही.

गोतावळ्यामागे जा

आता या सगळ्या कामातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. एकटा योहानेस म्युलर शोधून सापडणार नाही. त्याचा गोतावळा शोधावा लागतो. ही माणसं एकेकटी आली नाहीत. एका पंचक्रोशीतली दहा-पंधरा कुटुंबं एका जहाजावर चढत, उतरल्यावर एकमेकांच्या शेजारी जमीन घेत, एकमेकांच्या मुलांच्या बाप्तिस्म्याला उभी राहत, एकमेकांच्या मृत्युपत्रांवर साक्षी करत. म्युलर शेकड्यांनी असतील, पण त्याच्या शेजाऱ्यांतल्या एखाद्याचं आडनाव तरी दुर्मीळ असतं. तो धागा धरायचा.

आमच्या टाउफशाइनवर साक्षीदाराचं नाव स्पष्ट होतं. त्याला आपण श्टोफेल म्हणू. आडनाव असं की जहाजांच्या सगळ्या याद्यांत ते दोनदाच येतं. १७५१ च्या एका यादीत त्याची सही मिळाली, शेवटच्या अक्षराचा फराटा पुढच्या ओळीपर्यंत ओढलेला. त्याच्या खाली दोन नावं सोडून ‘योहानेस म्युलर’, सहीच्या जागी फुली. मला त्या रात्री झोप लागली नाही. पण हा पुरावा नव्हता. यादीत खालीवर असणं म्हणजे रांगेत मागेपुढे उभं असणं, एवढंच.

पुढचा कागद जमिनीचा. पेनसिल्व्हेनियात जमीन मिळायची पायरीपायरीने: आधी अर्ज, मग वॉरंट म्हणजे मोजणीचा हुकूम, मग मोजणी, आणि शेवटी पेटंट म्हणजे मालकीचा पक्का कागद. पेटंटला पैसे लागत, म्हणून ते कधीकधी नातवाच्या काळात निघे. पण वॉरंट आणि मोजणी लवकर होई, आणि त्यांत चतुःसीमा असे. हे कागद हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागारात आहेत. श्टोफेलच्या मोजणीत पूर्वेला म्युलरची जमीन निघाली. काउंटीचं मात्र भान ठेवावं लागतं. बर्क्स काउंटी १७५२ मध्ये झाली. त्याआधीचा टल्पहॉकनचा कागद लँकेस्टरमध्ये असतो, आणि लँकेस्टर स्वतः १७२९ मध्ये चेस्टरमधून निघालेली.

मग मृत्युपत्र. श्टोफेलला मूलबाळ नव्हतं. त्याने आपला वाटा ‘माझी बहीण काथारिना, योहानेस म्युलर याची बायको’ हिच्या मुलांना ठेवला होता. खाली सही, आणि शेवटच्या अक्षराला तोच फराटा. बाप्तिस्म्याला उभा राहिलेला साक्षीदार मुलाचा मामा होता. घडीखाली विरून गेलेलं आडनाव श्टोफेलचंच होतं. मी विहीणबाईंना फोन केला तेव्हा त्या कितीतरी वेळ काही बोलल्याच नाहीत.

कुठल्या पंथाचा, हे आधी ठरवा

ल्यूथरपंथी आणि रिफॉर्म्ड ही प्रॉटेस्टंटांतली मोठी दोन मंडळं. दोन्ही तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत, त्यामुळे त्यांची नोंद असते. खेड्यांत बऱ्याचदा दोघांची इमारत एकच, दप्तरं वेगळी, म्हणून दोन्ही बघावी लागतात. पाद्री मोजके होते. योहान कास्पर श्टोव्हर घोड्यावरून फिरत बाप्तिस्मे आणि लग्नं लावी आणि स्वतःच्या वहीत लिहून ठेवी, त्या वहीने असंख्य घराण्यांना तारलं आहे. १७४२ मध्ये ल्यूथरपंथीयांसाठी हेन्री मेल्खिओर म्यूलेनबर्ग आला, १७४६ मध्ये रिफॉर्म्डांसाठी मिखाएल श्लाटर, आणि मग नोंदी जरा शिस्तीत आल्या.

मेनोनाइट, आमिश, डंकर हे पंथ तान्ह्यांचा बाप्तिस्मा मानत नाहीत. त्यांच्या घरी जन्माच्या नोंदीसाठी चर्चकडे जाऊन उपयोग नाही. जमीन, मृत्युपत्रं आणि कुटुंबाचं बायबल यांच्यावरच भिस्त. उलट पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम गावचे मोरेव्हियन पंथीय म्हणजे भाग्य. त्यांच्यात प्रत्येकाने आपलं जीवनवृत्त लिहायचं किंवा सांगायचं आणि ते दफनाच्या वेळी वाचायचं अशी पद्धत होती. त्यात जन्मगाव असतं.

जर्मन थडग्यांवरही नजर टाका. जन्मतारीख नसली तरी ‘वय इतकी वर्षं, इतके महिने, इतके दिवस’ असं कोरलेलं असतं, त्यावरून तारीख मागे मोजता येते. शिवाय मुखत्यारपत्रं: इथल्या मुलाने तिकडच्या वडिलोपार्जित वाट्यासाठी कुणाला तरी अधिकार दिला की त्यात गावाचं नाव येणारच.

समुद्रापलीकडची दप्तरं

श्टोफेलचं आडनाव क्राइखगाउमधल्या दोनच गावांत मिळत होतं. तिथली प्रॉटेस्टंट दप्तरं आता ‘आर्खिओन’ या जर्मन चर्चांच्या संकेतस्थळावर वर्गणी भरून घरबसल्या पाहता येतात. सॉल्ट लेक सिटीच्या ‘फॅमिलीसर्च’नेही पुष्कळ दप्तरांच्या फिल्म काढल्या आहेत. पण वाचायची कशी? ती कुरेंट वळणात आहेत. छापील जर्मन येणाऱ्यालाही ती येत नाहीत, जशी मराठी येणाऱ्याला मोडी येत नाही. त्यात e, n, m, u ही अक्षरं म्हणजे नुसत्या उभ्या रेघांच्या रांगा. मी आधी लग्नाच्या नोंदी घेतल्या, कारण त्यांचा साचा ठरलेला असतो, आणि एकेक अक्षर वेगळ्या कागदावर काढून ठेवत गेले. तीन महिन्यांत हात बसला.

तारखांनी पुन्हा घोळ घातला. जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट संस्थानांनी १७०० मध्ये नवं पंचांग धरलं, इंग्रजांनी आणि त्यांच्या वसाहतींनी १७५२ मध्ये. तोपर्यंत दोन्हींत अकरा दिवसांचा फरक, आणि इंग्रजी कायद्याचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे इंग्रजी कागदावरचा १७५०चा फेब्रुवारी हा जर्मन दप्तरातला १७५१चा फेब्रुवारी. त्या वर्षातल्या दोन नोंदी मी उगाच विसंगत ठरवल्या होत्या.

चर्चबाहेरही कागद आहेत. पुष्कळ ठिकाणी कुळं राजाची बांधील होती. जायचं तर बांधिलकीतून सुटका विकत घ्यायची आणि नेणाऱ्या मालमत्तेचा दहावा भाग भरायचा. त्याच्या नोंदी संस्थानांच्या दप्तरखान्यांत राहिल्या. व्युर्टेम्बर्गमध्ये लग्नाला आणि मृत्यूनंतर घरातल्या भांड्याकुंड्यांसकट मालमत्तेची यादी करत, आणि वारसांमध्ये ‘पेनसिल्व्हेनियात असलेला मुलगा’ म्हणून नाव निघतं.

दुसऱ्या गावाच्या दप्तरात, एप्रिल १७५१ च्या पानावर, योहानेस आणि काथारिना यांचं लग्न मिळालं. निघण्याआधी घाईने लग्न उरकणारी जोडपी त्या पानांवर पुष्कळ आहेत. वर शेजारच्या खेड्यातल्या शिंप्याचा मुलगा, वधूचं आडनाव श्टोफेलचं, तिच्या बापाचं नाव श्टोफेलच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीतलंच. समासात वेगळ्या, फिकट शाईने पाद्र्याने नंतर लिहिलं आहे: पेनसिल्व्हेनियाला गेले.

त्याच दप्तराच्या दफनांच्या भागात, आठ वर्षांनंतर, काथारिनाच्या आईची नोंद आहे. किती वर्षं, महिने, दिवस जगली ते आहे, आजार आहे, आणि शेवटी एक ओळ, की तिची दोन मुलं पेनसिल्व्हेनियात आहेत. त्या पानाची छापील प्रत विहीणबाईंनी टाउफशाइनच्या शेजारी, बायबलात ठेवली आहे.